कोटेशनची मंजुरी सॉफ्टवेअरमध्ये कशी बसवायची: तालुक्याच्या दुकानासाठी पहिल्यापासून

सेल्समन संत्र्याच्या बागेत उभा असतो. शेतकरी समोर, बांधावर मोटारसायकल, आणि फोन दुकानात: "भाऊ, अजून दोन टक्के सोडा ना, बाजूवाला कमी सांगून राहिला." मालकासमोर चार गिऱ्हाइकं असतात. तो "दे" म्हणतो आणि फोन ठेवतो. महिनाअखेरीला हिशेब लागत नाही, कारण किती वेळा "दे" म्हटलं, कोणत्या मालावर म्हटलं आणि त्यावर उधारी किती दिवसांची होती, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

कोटेशनच्या सॉफ्टवेअरमधली मंजुरीची साखळी हेच काम करते. ठरलेल्या मर्यादेतलं कोटेशन ती न अडवता जाऊ देते, मर्यादेबाहेरचं योग्य माणसाकडे पाठवते आणि कोणी, कधी, किती सोडलं याची नोंद ठेवते. इथे पायऱ्या ईआरपीनेक्स्टच्या धरून दिल्या आहेत. ते विक्री, माल आणि हिशेब सांभाळणारं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवलेलं आहे आणि लहान दुकानाला परवडतं. झोहो सीआरएममध्ये याच कामाला 'अप्रूव्हल प्रोसेस' म्हणतात. बटणं वेगळी असली तरी विचार तोच.

उदाहरणासाठी असं दुकान धरू: वरुडला मुख्य दुकान, मोर्शीला शाखा. माल ठिबक, तुषार, पंप आणि पाइप. तीन सेल्समन, काउंटरवर एक ऑपरेटर, शाखेला एक मॅनेजर आणि मालक.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी मागच्या दोन-तीन महिन्यांची कोटेशनं काढून समोर ठेवा. प्रत्येकावर तीन आकडे लिहा: यादीभावावर किती टक्के सोडले, उधारी किती दिवसांची दिली आणि हातात काय उरलं. दोन तासांचं काम आहे, पण ते टाळलं तर पुढच्या सगळ्या मर्यादा अंदाजाने पडतात.

हातात काय उरतं ते एका उदाहरणाने पाहा. समजा जीएसटी सोडून १,००,००० रुपयांचं कोटेशन आहे. मालाची खरेदी ८६,०००, भाडं आणि फिटिंग मिळून ४,०००. उरतात १०,०००. सेल्समनने ७ टक्के सोडले तर उरतात ३,०००. कागदावर सूट ७ टक्के दिसते, पण नफ्यातले ७० टक्के गेलेले असतात. आता हाच सौदा जूनमध्ये झाला आणि पैसे कापूस विकल्यावर, नोव्हेंबरात द्यायचे ठरले असं धरा. अडकलेल्या ९०,००० वर महिना दीड टक्का व्याज धरलं तर पाच महिन्यांचे ६,७५० होतात. म्हणजे सौद्यात ३,७५० रुपये घरातून गेले, आणि कोटेशनवर मात्र फक्त "७ टक्के सूट" एवढंच लिहिलेलं.

म्हणून नुसत्या सुटीवर मंजुरी बसवू नका. सूट आणि उधारीचे दिवस, दोन्हीवर बसवा. आपल्याकडे पैसा हंगामाने फिरतो. सूट नाकारणारा मालक उधारीला सहज हो म्हणतो, आणि नुकसान बहुतेक तिथेच होतं.

कागदावर असे तीन थर आखा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुमच्या कोटेशनांवरून काढा:

सेल्समन स्वतः: ३ टक्क्यांपर्यंत सूट, उधारी शून्य दिवस.
मॅनेजर: ३ च्या वर ७ टक्क्यांपर्यंत, किंवा ३० दिवसांपर्यंत उधारी.
मालक: ७ टक्क्यांच्या वर, किंवा ३० दिवसांच्या वर उधारी.

आखणी झाली की जुन्या कोटेशनांवर ताडून पाहा. दहातली सात-आठ कोटेशनं पहिल्या थरातच निघाली पाहिजेत. निम्मी अडकत असतील तर मर्यादा फार कडक आहेत. मग सेल्समन कच्च्या कागदावर भाव लिहून देतो आणि सॉफ्टवेअरमध्ये माल गेल्यावर फक्त नोंद होते. मंजुरीची साखळी मोडते ती बहुतेक याच कारणाने.

दोन जादा रकाने

ईआरपीनेक्स्टच्या कोटेशनमध्ये सूट दोन ठिकाणी देता येते: प्रत्येक वस्तूच्या ओळीत आणि खाली एकूण बेरजेवर. खालच्या सुटीवरच अट लावली तर ओळीतली सूट निसटते. शिवाय दोन्ही सुटी सरळ मिळवून चालत नाही. ओळीत ५ टक्के आणि एकूणवर ३ टक्के दिले तर होतात ७.८५ टक्के, कारण दुसरी सूट आधीच उतरलेल्या रकमेवर बसते.

म्हणून कोटेशनच्या फॉर्ममध्ये 'कस्टमाइज फॉर्म'मधून दोन रकाने वाढवा.

पहिला, 'एकूण सवलत टक्के'. हा माणसाने भरायचा नाही, फक्त वाचायचा. हिशेब असा: सगळा माल यादीभावाने धरून बेरीज, त्यातून कर सोडून निव्वळ बेरीज वजा, भागिले यादीभावाची बेरीज, गुणिले १००. कोटेशन सेव्ह होण्याआधी चालणाऱ्या छोट्या सर्व्हर स्क्रिप्टने (सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेल्या काही ओळींच्या प्रोग्रामने) तो भरता येतो. नव्या आवृत्त्यांत सर्व्हर स्क्रिप्टची सोय मुळात बंद असते, ती सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याकडून चालू करून घ्या.

दुसरा, 'उधारीचे दिवस'. आकड्याचा रकाना, भरणं सक्तीचं. "कापूस आल्यावर", "बहार निघाल्यावर" असे शब्द त्यात लिहिता येणार नाहीत, आणि तेच हवं आहे. शेतकऱ्याशी बोलताना शब्द तोच राहू द्या, पण कोटेशन करणाऱ्याने त्याचे दिवस मोजून टाकायचे.

पहिल्या रकान्यात एक खड्डा आहे. एखाद्या वस्तूचा यादीभाव भरलेलाच नसेल तर तिची सूट शून्य दिसते. नवीन आलेला पंप यादीत चढवायचा राहिला, सेल्समनने हाताने भाव टाकला, आणि कोटेशन कोणी न पाहता पक्कं झालं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवा: कोणत्याही ओळीत यादीभाव शून्य असेल तर 'एकूण सवलत' १०० लिही. असं कोटेशन आपोआप मालकापर्यंत जातं आणि यादीतली चूक त्याच दिवशी उघडी पडते.

रकमेवर अट लावायची असेल तर

काहींना मोठ्या रकमेचं प्रत्येक कोटेशन पाहायचं असतं. ठीक आहे, पण अट 'ग्रँड टोटल'वर लावू नका, 'नेट टोटल'वर लावा. ग्रँड टोटलमध्ये जीएसटी असतो. ठिबक आणि तुषार संचावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. म्हणजे १,००,००० च्या त्याच मालाची ग्रँड टोटल १,१२,००० होती ती १,०५,००० झाली. ज्याने १,१०,००० ची मर्यादा ग्रँड टोटलवर ठेवली होती, त्याच्याकडे मंजुरीला येणारी कोटेशनं त्या दिवसापासून येईनाशी झाली असतील आणि कारण लक्षातही आलं नसेल.

रकमेच्या मर्यादेला आणखी एक वाट आहे: कोटेशन फोडणं. ५०,००० ची मर्यादा असेल तर लॅटरलचं (झाडांजवळून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्यांचं) एक आणि फिल्टर-मेनलाइनचं दुसरं, अशी ४८ आणि ३० हजारांची दोन कोटेशनं होतात. टक्क्यांवरच्या अटीला हे लागू पडत नाही, म्हणून रकमेपेक्षा टक्के बरे.

साखळी बांधणं

ईआरपीनेक्स्टमध्ये मंजुरीच्या साखळीला 'वर्कफ्लो' म्हणतात. आता 'वर्कफ्लो'ची यादी उघडा आणि नवीन तयार करा. डॉक्युमेंट टाइप 'कोटेशन' निवडा. एका प्रकारच्या कागदाला एका वेळी एकच वर्कफ्लो चालू राहतो. दुसरा चालू केला की पहिला बंद पडतो. म्हणून "मोर्शीसाठी वेगळा, वरुडसाठी वेगळा" असं करायला जाऊ नका, शाखेचा फरक अटीत लिहा.

आधी टप्पे भरा. नावं मराठीत दिली तर चालतात, आणि द्यावीतच, कारण रोज तीच वाचायची आहेत. प्रत्येक टप्प्याला 'डॉक स्टेटस' लागतो: ० म्हणजे मसुदा, १ म्हणजे पक्कं, २ म्हणजे रद्द.

१. मसुदा, ०, बदल करू शकतो सेल्स यूजर (म्हणजे सेल्समन).
२. मॅनेजरकडे, ०, बदल करू शकतो सेल्स मॅनेजर.
३. मालकाकडे, ०, बदल करू शकतो मालक.
४. दुरुस्तीसाठी परत, ०, बदल करू शकतो सेल्स यूजर.
५. मंजूर, १, मालक.
६. नामंजूर, ०, सेल्स मॅनेजर.
७. रद्द, २, मालक.

नवं कोटेशन यादीतल्या पहिल्या टप्प्यात जन्मतं, म्हणून 'मसुदा' सगळ्यात वर हवा. 'मालक' हा रोल (म्हणजे कोणाला कोणते हक्क, याचा गट) तयार मिळत नाही, आधी रोलच्या यादीत बनवा आणि त्याला कोटेशनवर वाचणं, लिहिणं, पक्कं करणं आणि रद्द करणं या परवानग्या द्या. इथे नवखे हमखास अडतात. वर्कफ्लोत नाव असून भागत नाही, रोलच्या परवानग्यांतही हक्क असावा लागतो. नाहीतर 'मंजूर करा' हे बटण दिसतं, दाबलं की परवानगी नाही असा संदेश येतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात बदलाचा हक्क सेल्समनला ठेवू नका. ठेवलात तर तो ४ टक्क्यांचं कोटेशन मंजुरीला पाठवून, मॅनेजर ते उघडेपर्यंत त्यात ६ टक्के करू शकतो.

मग वाटा भरा, म्हणजे कोणत्या टप्प्यातून कोणत्या टप्प्यात, कोणी आणि कोणत्या अटीवर जायचं.

मसुदा ते मंजूर: बटण 'पक्कं करा', सेल्स यूजर, अट सवलत ३ किंवा कमी आणि उधारी शून्य.
मसुदा ते मॅनेजरकडे: बटण 'मंजुरीला पाठवा', सेल्स यूजर, अट सवलत ७ किंवा कमी, उधारी ३० किंवा कमी, आणि सवलत ३ च्या वर किंवा उधारी शून्याच्या वर.
मसुदा ते मालकाकडे: हेच बटण, सेल्स यूजर, अट सवलत ७ च्या वर किंवा उधारी ३० च्या वर.
मॅनेजरकडून आणि मालकाकडून प्रत्येकी तीन वाटा: मंजूर, परत, नामंजूर.
'दुरुस्तीसाठी परत'मधून मसुद्यासारख्याच तिन्ही वाटा, त्याच अटींसह.
मंजूर ते रद्द: मालक.

शेवटून दुसरी ओळ लोक विसरतात आणि परत आलेलं कोटेशन तिथेच मरतं. सेल्समन मग नवंच करतो, आणि एकाच शेतकऱ्याची तीन कोटेशनं फिरत राहतात.

अटींच्या काठांकडे नीट पाहा. एका ओळीत "३ पेक्षा कमी" आणि दुसरीत "३ पेक्षा जास्त" लिहिलं तर बरोबर ३ टक्क्यांच्या कोटेशनला बटणच दिसत नाही. आणि ३ टक्के हीच सर्वात जास्त दिली जाणारी सूट असते.

स्वतःच स्वतःला मंजुरी

प्रत्येक वाटेसमोर 'अलाउ सेल्फ अप्रूव्हल' ही चौकट असते आणि ती मुळात टिक केलेली असते. टिक काढली की ज्याने कोटेशन बनवलं तोच ती वाट वापरू शकत नाही. नवखा माणूस सुरक्षेच्या विचाराने सगळ्या ओळींवरची टिक काढतो, आणि मग सेल्समनला स्वतःचं कोटेशन मंजुरीला पाठवताही येत नाही. मसुद्यातून आणि 'परत'मधून निघणाऱ्या वाटांवर टिक राहू द्या. फक्त मॅनेजरच्या 'मंजूर करा' या ओळीवरची काढा. मालक स्वतः कोटेशन करत असेल तर त्याच्या ओळीवर राहिली तरी बिघडत नाही.

पण सॉफ्टवेअरच्या लेखी 'बनवणारा' म्हणजे ज्याच्या लॉगिनने कोटेशन तयार झालं तो. आपल्याकडे सेल्समन गावातून फोन करतो आणि काउंटरवरचा ऑपरेटर कोटेशन टाकतो. मॅनेजरने स्वतःचं गिऱ्हाईक ऑपरेटरच्या हातून टाकून घेतलं तर बनवणारा ऑपरेटर ठरतो आणि मॅनेजर स्वतःच्याच सुटीला मंजुरी देऊ शकतो. याला उपाय एकच: फॉर्ममध्ये 'कोणाचं गिऱ्हाईक' हा सक्तीचा रकाना ठेवा, आणि तिथे मॅनेजरचं नाव असेल तर कोटेशन मालकाकडे जाईल अशी अट जोडा.

मंजुरीआधी पीडीएफ बाहेर जाऊ नये

एवढं सगळं बसवूनही साखळी पोकळ राहू शकते, कारण मसुद्याचीही प्रिंट निघते. सेल्समन मसुद्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, शेतकऱ्याच्या हाती भाव पडतो, आणि मग मंजुरी हा उपचार उरतो. दिलेला शब्द मागे घेणं गावात फार अवघड. 'प्रिंट सेटिंग्ज'मध्ये जाऊन मसुदा छापण्याची परवानगी बंद करा. ही एक टिक वर्कफ्लोतल्या कितीतरी ओळींपेक्षा जास्त काम करते.

शेतकऱ्याला तेव्हाच काहीतरी हातात द्यायचं असेल तर यादीभावाचं, बिनसुटीचं कोटेशन द्या. ते पहिल्या थरात असल्याने लगेच पक्कं होतं. सूट मंजूर झाली की ते रद्द करून 'अमेंड' करा, म्हणजे त्याचीच सुधारित प्रत काढा. नवा कागद पुन्हा 'मसुदा'पासून सुरू होतो ना, हे एकदा स्वतः तपासून घ्या.

अनुदानाचा सौदा

ठिबकसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, बसवणी, तपासणी, आणि त्यानंतर अनुदान शेतकऱ्याच्या बँक खात्यात. अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५, आणि राज्याच्या पूरक अनुदानासह ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. हा हिशेब ठरवून दिलेल्या मापदंडाच्या मर्यादेत होतो.

म्हणून अनुदानाची रक्कम कोटेशनमध्ये सूट म्हणून कधीही वजा करू नका. "अनुदान आल्यावर द्या" असा सौदा असेल तर ती उधारी आहे, आणि तिची तारीख कोणालाच सांगता येत नाही. अशा कोटेशनवर 'अनुदानावर अवलंबून' ही टिक ठेवा आणि टिक असेल तर मालकाकडे, अशी अट लावा. दिवसांचा आकडा काहीही असो.

मंजुरी देणाऱ्याने काय पाहायचं

टक्के तर सॉफ्टवेअर दाखवतं. माणसाने पाहायची गोष्ट म्हणजे माल पुरेसा धरला आहे का. ६ बाय ६ मीटरवर संत्र्याची लागवड असेल तर एकरी साधारण ११० झाडं बसतात, आणि झाडाच्या दोन्ही बाजूंनी लॅटरल टाकायची तर एकराला सुमारे १,३५० मीटर लागते. कोटेशनमध्ये १,१०० मीटर दिसली तर सेल्समनने सूट न देता माल कमी धरून आकडा खाली आणला आहे. बसवताना उरलेली २५० मीटर मागावी लागते, शेतकरी म्हणतो आधी का नाही सांगितलं, आणि ती बहुतेक दुकानाच्या पदरी पडते. हे पकडणारी अट सॉफ्टवेअरमध्ये सोपी नाही, अनुभवी डोळाच लागतो. निदान कोटेशनवर एकर आणि लागवडीचं अंतर लिहिणं सक्तीचं करा, म्हणजे पाहणाऱ्याला ताळा घेता येईल.

नामंजूर करताना किंवा परत पाठवताना एक ओळ कारण लिहा. "उधारी कमी करा, १५ दिवस चालेल" एवढं पुरे. नुसतं परत आलेलं कोटेशन सेल्समनला अपमानासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फोनकडे वळतो.

चाचणी आणि सुरुवात

चाचणी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने करू नका. त्याला सगळे हक्क असतात, त्यामुळे सगळं चालतंच. सेल्समनचं, मॅनेजरचं आणि मालकाचं खरं लॉगिन वापरा, शक्यतो त्यांच्याच मोबाइलवर. सवलत ०, ३, ३.०१, ७ आणि ७.०१ अशी पाच कोटेशनं करा. मग उधारी १, ३० आणि ३१ दिवसांची तीन, यादीभाव नसलेल्या वस्तूचं एक आणि अनुदानाच्या टिकेचं एक. प्रत्येक कुठे जायला हवं ते आधी कागदावर लिहा, मग पाहा.

वर्कफ्लो चालू केल्यावर जुन्या कोटेशनांनाही टप्पा चिकटतो. पूर्वी पक्की झालेली सगळी 'मंजूर' दिसू लागतात, जरी ती कोणी तपासलेली नसली. सुरुवातीची तारीख लिहून ठेवा आणि अहवाल त्या तारखेपासूनच काढा.

ईमेलवरच्या सूचनेवर भिस्त ठेवू नका, दुकानात दिवसभर ईमेल कोणी उघडत नाही. एसएमएस लावता येतो, तो लावा. आणि वेळ ठरवा: मंजुरीला आलेलं कोटेशन दोन तासांत हातावेगळं झालं पाहिजे. मालक लग्नाला किंवा वारीला गेला तर त्याचा रोल त्या दिवसांपुरता दुसऱ्या विश्वासू माणसाला द्या आणि परतल्यावर काढून घ्या. पासवर्ड देऊ नका, कारण मग कोणी मंजूर केलं ही नोंदच खोटी होते. नेट गेलं असेल आणि फोनवर होकार द्यावाच लागला, तर नेट आल्यावर होकार देणाऱ्यानेच बटण दाबायचं, ऑपरेटरने नाही.

जूनच्या तोंडावर हे सुरू करू नका. पेरणीच्या धांदलीत कोणीही नवी सवय लावून घेत नाही. पोळा झाला की दसऱ्यापर्यंत थोडी उसंत मिळते, त्या काळात एका शाखेवर तीन आठवडे चालवा. दर शनिवारी मंजुरीला आलेल्या कोटेशनांची यादी काढा. एखाद्या प्रकारची कोटेशनं न बदलता दर वेळी मंजूर होत असतील, तर ती मर्यादा वाढवून सेल्समनच्या हाती द्या.